कत्तिरीच्या उन्हात तीन अंडी

कुंभकोणमला मे महिन्यात कावेरी बघायला गेलेल्या माणसाची निराशा ठरलेली. घाट आहे, मंडप आहेत, पायऱ्या आहेत आणि पायऱ्या संपल्या की थेट वाळू. कुठे डबकं, कुठे गवताचा पट्टा, कुठे पोरांचा क्रिकेटचा डाव. नदीला पाणी येणार ते मेट्टूरचं धरण उघडल्यावर. कुरुवै भाताच्या हंगामासाठी धरण १२ जूनला उघडायचं, ही तिथली जुनी रीत. धरणात साठा असेल त्या वर्षी ती पाळली जाते. नसेल त्या वर्षी तारीख पुढे जाते आणि अख्खा कावेरीचा डेल्टा हात चोळत बसतो. मेट्टूरहून सुटलेलं पाणी दोन-तीन दिवसांत कल्लणैच्या पुरातन बंधाऱ्याला पोचतं, तिथून फाट्याफाट्यांत वाटलं जातं, आणि लोक त्याच्यावर फुलं उधळून स्वागत करतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने जी तारीख सुरुवातीची, ती काही जणांसाठी शेवटची मुदत असते. कंठेरी चिखल्या, नदी सुरय, मोठा करवानक, आपली नेहमीची टिटवी हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. त्यातल्या नदीवाल्यांना पात्र आटल्यावर उघडी पडणारी वाळू आणि खडक हवे असतात. पाणी उतरल्यापासून पाणी परत येईपर्यंत जेवढे आठवडे मिळतील तेवढ्यात जोडी जमवायची, अंडी उबवायची आणि पिल्लं पळती करायची. कावेरीवरच वरच्या अंगाला, कर्नाटकात रंगनतिट्टूला, नदी सुरय पात्रातल्या खडकांवर वीण करतात. तिथे अवेळी पाणी चढलं की घरटी बुडतात. कुंभकोणमच्या उत्तरेला कोळ्ळिडम आहे. पुराचं जादा पाणी वाहून नेणं हे तिचं मुख्य काम, त्यामुळे एरवी तिचं रुंद पात्र म्हणजे वाळूचा माळ. पण ती वाळू बांधकामवाल्यांनाही हवी असते. जिथे उपसा चालतो तिथे पक्ष्याने घरटं करणं म्हणजे जुगार.

तेव्हा वाळूवरची वीण निवांतपणे, कायद्याचं संरक्षण असलेल्या जागी बघायची तर कुंभकोणमहून समुद्राकडे निघावं. मन्नारगुडी, तिरुत्तुरैपूंडी, वेदारण्यम आणि रस्ता जिथे संपतो तिथे कोडियक्करै. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. १९३० च्या एप्रिलमध्ये राजाजींचा मिठाचा सत्याग्रह तिरुचिरापल्लीहून निघाला तो तंजावर, कुंभकोणम करत पायी वेदारण्यमला गेला होता. दांडीच्या मानाने त्याची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. सत्याग्रहींनी मीठ उचललं त्या मिठागरांच्या शेजारीच, ज्याच्यासाठी आपण निघालो तो चिखल्या राहतो. तमिळमध्ये त्याच्या कुळाला उप्पुकोत्ती म्हणतात.

कोडियक्करै म्हणजे इंग्रजी नकाशांतलं पॉइंट कॅलिमियर. कोरोमंडलचा किनारा सरळ दक्षिणेला येतो आणि इथे एकदम पश्चिमेला वळतो. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पाल्कची सामुद्रधुनी, समोर क्षितिजापलीकडे श्रीलंका. १९६७ मध्ये इथे अभयारण्य झालं ते प्रामुख्याने काळविटांसाठी. २००२ मध्ये आसपासची खारी दलदल, मिठागरं आणि मुत्तुपेट्टैची खारफुटी यांच्यासह हा सगळा पट्टा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस), म्हणजे मुंबईच्या हॉर्नबिल हाउसवाल्यांचं, इथे कित्येक दशकांचं काम आहे. जाळ्यात पक्षी धरायचा, मोजमाप करायचं, पायात क्रमांकाचं कडं अडकवायचं आणि सोडून द्यायचं. सैबेरियातून आलेले तुतारी, हजारोंच्या संख्येने उतरणारे रोहित, क्वचित चमच्यासारख्या चोचीचा अतिदुर्मीळ तुतारी, अशी या टोकाची कीर्ती आहे. सगळी हिवाळ्याची. पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परत गेले की पर्यटकही परततात, आणि मागे राहतात ते इथलेच रहिवासी.

मराठी माणसाने इथवर यावं आणि तंजावरच्या भोसल्यांचं नाव निघू नये, हे शक्य नाही. याच किनाऱ्याने पश्चिमेला गेलं की मनोरा लागतो. नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ सरफोजी महाराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेली, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली बहुमजली वास्तू. महाराजांना शस्त्रक्रियेपासून छापखान्यापर्यंत सगळ्याचं कुतूहल. तंजावरच्या चितारांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची चित्रंही काढून घेतली. रेसिडेंट बेंजामिन टोरिनला दिलेला त्यातला संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हे आडवळण झालं. आपण पुळणीवर येऊ.

उन्हाळ्यात इथे अंड्यांवर बसणारा पक्षी आपल्या पुस्तकांत केंटिश चिखल्या या नावाने आहे. चिमणीच्या मापाचा, पण पाय लांब. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरंशुभ्र. नराच्या छातीच्या दोन्ही बाजूंना काळा डाग, जो पुढे जुळून कंठा होत नाही. नावातलं केंट हे इंग्लंडमधलं. तिथल्या पक्ष्यावरून अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधीला हे नाव पडलं, आणि गंमत अशी की केंटमध्ये आता तो वीणच करत नाही. अंडी जमवणारे शौकीन आणि किनाऱ्यावर हवा खायला येणारी गर्दी, दोघांनी मिळून त्याला घालवला.

२०२३ मध्ये इथल्या पक्ष्याचं नाव बदललं. श्रीलंकेतले संशोधक आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे तज्ज्ञ यांनी मिळून 'आयबिस' या नियतकालिकात दाखवून दिलं, की श्रीलंका आणि दक्षिण भारतात बारमाही राहणारा हा पक्षी केंटिश चिखल्याची स्थानिक उपजात नव्हे, स्वतंत्र जात आहे. पंख आणि चोच आखूड, चेहरा जास्त पांढरा, पायांचा रंग जरा वेगळा, आणि जनुकांमधलं अंतर पुरेसं जुनं. पूर्वी एकदा त्याला वेगळं मानलं गेलं होतंच. मधल्या काळात पुन्हा मोठ्या कुटुंबात ढकललं गेलं. आता त्याला हनुमान चिखल्या म्हणावं असं या मंडळींनी सुचवलं, कारण त्याचा वावर रामसेतूच्या दोन्ही टोकांना. कोडियक्करैच्या अभयारण्यात एका उंचवट्यावर रामाची पावलं दाखवतात. तिथे उभं राहून रामाने लंकेकडे पाहिलं अशी श्रद्धा आहे. त्या उंचवट्याच्या आसपास हिंडणाऱ्या पक्ष्याला हे नाव शोभून दिसतं.

नावाचा हा बदल दप्तरी वाटेल, पण त्याला वजन आहे. केंटिश चिखल्या पश्चिम युरोपपासून जपानपर्यंत पसरलेला. त्याच्या पोटात धरला तर दक्षिणेतल्या थोड्या जोड्यांचं काय होतं याची फिकीर कुणी करत नाही. मोठ्या खात्यावर किरकोळ रक्कम कमी झाली म्हणून कोण तक्रार करणार? वेगळा मोजला की हिशेब उघड होतो. एवढासा पट्टा, तोही जगातल्या सर्वांत गजबजलेल्या किनाऱ्यांपैकी एकावर. आणि घरटं नेमकं तिथे, जिथे माणूस पाय ठेवतो.

ओळखण्यात एक अडचण येते. हिवाळ्यात उत्तरेकडून खरे केंटिश चिखल्येही इथे येतात आणि एकाच थव्यात मिसळतात. तेव्हा भले भले चकतात. मे महिन्यात मात्र प्रश्न सुटतो. वैशाखाच्या उन्हात जो इथे अंड्यांवर बसलाय, तो पाहुणा नव्हे.

अंडी समुद्राकाठी घालावीत की नाही, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. पंचतंत्रात टिटवी नवऱ्याला सांगते, इथे नको, भरती येते. नवरा म्हणतो, समुद्राची काय बिशाद! समुद्र ते ऐकतो आणि अंडी नेतो. मग सगळे पक्षी गरुडाकडे, गरुड विष्णूकडे, आणि शेवटी समुद्राला अंडी परत करावी लागतात. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण याच घराण्यातली. कथाकाराने नवऱ्याला घमेंडखोर ठरवलं असलं, तरी निसर्गशास्त्र काहीसं त्याच्या बाजूने आहे. चिखल्या भरतीच्या नेहमीच्या रेषेच्या वर, पण झाडोऱ्याच्या खाली, अशी चिंचोळी पट्टी निवडतो. उधाणाची भरती कधी तरी तिथवर येतेच. अंडी गेली तर जोडी पुन्हा घालते. हा धोका त्याने हिशेबात धरलेला आहे. हिशेबात न धरलेले धोके पुढे येतात.

घरटं म्हणावं असं काही नसतंच. नर छाती वाळूला टेकवून पायांनी मागे वाळू उडवत गोल फिरतो आणि बशीएवढा खळगा करतो. असे खळगे तो एकाहून जास्त करून ठेवतो. मादी त्यातला एक पसंत करते. आत शिंपल्यांचे चुरे, बारीक काटक्या, ससा किंवा काळविटाची लेंडी, जे असेल ते. अंडी दोन किंवा तीन, मातकट पिवळी, त्यांवर काळसर रेघोट्या आणि ठिपके. ती अर्धी वाळूत रुतलेली असतात. दोन हातांवर उभं राहूनही नजर त्यांवरून घसरते. माहीतगार माणूस अंडी शोधतच नाही. तो पावलं शोधतो. कोरड्या वाळूवर तीन बोटांचे बारीक ठसे इकडेतिकडे विखुरलेले असतात. एका जागी मात्र ते चहूबाजूंनी येऊन जुळतात. त्या जागी पुढे जायचं नाही, एवढं कळलं की पुरे. कावळा आणि कोल्हा हीच लिपी वाचतात, फरक इतकाच की ते थांबत नाहीत.

आता उन्हाचं बोलू, कारण सगळी मेख तिथे आहे. साधारण ४ मेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या दिवसांना तमिळनाडूत अग्निनक्षत्रम म्हणतात, बोलण्यात कत्तिरी. सावलीतला पारा चाळिशीला टेकतो. उघड्या वाळूचा पृष्ठभाग दुपारी पन्नास अंशांच्याही वर जातो. अनवाणी चाललात तर पाय आपोआप उचलले जातात. अंड्यातला जीव साधारण ३६ ते ३८ अंशांत सुखाने वाढतो. चाळिशीच्या वर फार वेळ राहिला तर मरतो. म्हणजे थंड देशात पक्षी अंड्यांवर बसतो ते ऊब देण्यासाठी. इथे दुपारी तो बसतो, बरेचदा नुसता वर उभा राहतो, ते सावली देण्यासाठी. पंख किंचित फुगवलेले, चोच उघडी, गळा धपापतोय, आणि पोटाखाली तीन अंडी.

या कामासाठी त्याच्याकडे एक युक्ती आहे. पाळी बदलताना येणारा पक्षी आधी पाण्याकडे जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने येऊन बसतो. नदी सुरय, पाणचिरा हे वाळूवरचे इतर पक्षीही हेच करतात. स्पेनमधल्या फुएंते दे पिएद्रा या खाऱ्या तळ्यावर केंटिश चिखल्यांचा यासाठी बारकाईने अभ्यास झाला. तिथे आणखी एक गोष्ट पुढे आली. झुडपाच्या आडोशाला घरटं केलं तर ऊन कमी लागतं, हे उघड आहे. पण झुडपामुळे बसलेल्या पक्ष्याला शत्रू दिसत नाही आणि तो स्वतःच मारला जातो. म्हणून बहुतेक जोड्या डोळ्यांदेखत तापणारी उघडी जागा घेतात. भाजून निघणं पत्करलं, पण चारी दिशा दिसल्या पाहिजेत. केंटिश चिखल्यांत दिवसा मादी आणि रात्री नर अशी ढोबळ वाटणी असते. अरबस्तानातल्या कडक उन्हात केलेल्या अभ्यासांत मात्र असं दिसलं की भर दुपारी दोघंही कामाला लागतात आणि पाळ्या भराभर बदलतात. एकट्याचं ते काम नव्हे.

हे लक्षात घेतलं की वाळूवरून चालत जाणाऱ्या निरुपद्रवी माणसाचा खरा उपद्रव कळतो. तो अंड्यांवर पाय देईलच असं नाही; बहुतेकदा देत नाही. पण तो शंभर पावलांवर दिसला की पक्षी उठतो. उडत नाही, मान खाली घालून गुपचूप पळत सुटतो, पन्नास-साठ पावलं लांब जाऊन थांबतो आणि काही घडलंच नाही असं दाखवत वाळूत टोचे मारतो. माणूस उभा. कॅमेरा काढतो. लेन्स बदलतो. 'किती गोड' म्हणतो. तेवढ्या वेळात तीन अंडी कत्तिरीच्या उन्हात उघडी. सकाळी सात वाजता याने फारसं बिघडत नाही, दुपारी बाराला दहा मिनिटांत बिघडू शकतं. कुत्रा, कावळा, घार यांच्याबद्दल लोक हळहळतात. छायाचित्रकाराबद्दल कुणी हळहळत नाही, कारण तो बहुतेकदा आपल्यातलाच असतो.

पिल्लं बाहेर आली की माणसाला आणखी मोह होतो. अंडी उबायला साधारण पंचवीस दिवस लागतात. पिल्लू अंगावरची ओल सुकताच, काही तासांत, खळगा सोडतं. कापसाच्या बोंडाला दोन काड्या लावाव्यात तसं ते दिसतं आणि त्या काड्यांवर सुसाट पळतं. खायचं त्याचं ते शोधतं. आईबाप फक्त पहारा, ऊब आणि सावली पुरवतात. इशारा झाला की पिल्लू जिथे असेल तिथे सपाट पडतं आणि दगड होऊन जातं. तेव्हा ते पायाखाली येण्याची सर्वांत जास्त भीती, कारण ते पळून जाणार नाही. मोठा पक्षी मात्र पंख फरफटत, लंगडत, शेपूट पसरून तुमच्यासमोर तडफडायला लागतो. हा जखमी झाल्याचा देखावा तुम्हाला दुसरीकडे न्यायला असतो. ज्याला हे माहीत नाही तो दयेपोटी पक्ष्यामागे जातो आणि पक्ष्याचं काम होतं. ज्याला माहीत आहे त्याने आल्या वाटेने, आपल्याच पावलांवर पाय ठेवत मागे फिरावं. पंख फुटून उडायला पिल्लाला आणखी चारेक आठवडे हवेत. या काळात मादी अनेकदा पिल्लं नरावर सोपवून दुसरं बिऱ्हाड थाटायला निघून जाते. माणसांच्या नीतीचे नियम इथे लावण्यात अर्थ नाही, पण बापाने एकट्याने पिल्लं वाढवणं ही पक्ष्यांत दुर्मीळ गोष्ट आहे आणि शास्त्रज्ञांनी या कुळावर इतकी मेहनत घेतली त्याचं ते एक कारण.

बघायचं तर असं: पहाटे निघावं, अभयारण्याच्या नियमाप्रमाणे परवानगी आणि शुल्क भरून आत जावं, वनखात्याचा माणूस सांगेल त्या वाटेने. किनाऱ्यावर आल्यावर ओल्या वाळूवरून चालावं. घरटी तिथे नसतात. पळणारा पक्षी दिसला की खाली बसावं. उभा माणूस त्याला धोका वाटतो, बसलेला कमी. मग दुर्बिणीने वाट बघावी. पक्षी दहा-पंधरा मिनिटांत वेडीवाकडी वळणं घेत परत आला, पोट हलवत खळग्यात बसला, तर तुमचं अंतर योग्य. नाही आला, तर तुम्ही फार जवळ आहात. उठून मागे सरकावं, तो येईल या आशेवर चिकटून बसू नये. नऊच्या आत वाळू सोडावी. हे सगळं करूनही दिसणार काय, तर वाळूवर बसलेला वाळूच्या रंगाचा पक्षी. ज्याला एवढ्यावर आनंद होत नाही त्याने हिवाळ्यात रोहित बघायला यावं, त्यात काही कमीपणा नाही.

संरक्षणाचा प्रश्न निघाला की आपल्याकडे लोक कासवाचं उदाहरण देतात, आणि ते बरोबरही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडलेची अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. पण कासवीण अंडी घालून निघून जाते, म्हणून ही सोय चालते. चिखल्याची अंडी हलवली की आईबापांच्या लेखी ती संपली. त्यांना जागेवरच राखावं लागतं.

अमेरिकेत घरट्यावर तारेचा पिंजरा ठेवून पाहिला. चिखल्या फटींतून ये-जा करतो, कोल्हा-कुत्रा अडतो, अंडी जास्त उबतात. पण काही ठिकाणी शिकारी पक्ष्यांना पिंजरा हीच खूण पटली आणि त्यांनी आत-बाहेर करणारे मोठे पक्षी टिपायला सुरुवात केली. अंडी वाचली, आई गेली. त्यापेक्षा कॅलिफोर्नियातल्या कोल ऑइल पॉइंटवर केलं ते साधं होतं: २००१ मध्ये तिथे पिल्लू सापडल्यावर वाळूच्या एका भागाभोवती दोरी लावली आणि दोरीपाशी स्वयंसेवक उभे केले, जे येणाऱ्याला दुर्बिणीतून पक्षी दाखवतात आणि कुत्र्याला साखळी लावायला सांगतात. अनेक वर्षं बंद पडलेली वीण तिथे पुन्हा रुजली. शिकागोच्या माँट्रोज किनाऱ्यावर २०१९ मध्ये पायपिंग प्लव्हर या संकटग्रस्त चिखल्याच्या एका जोडीने बस्तान मांडलं, तेव्हा तिथे ठरलेला संगीत महोत्सव रद्द झाला. दोन मूठभर पक्ष्यांसाठी! शहराने त्यांना माँटी आणि रोज अशी नावंही दिली.

भारतात याच्या सर्वांत जवळचं काम पाणचिऱ्यासाठी झालं आहे. नारिंगी चोचीचा, खालची चोच वरच्याहून लांब असलेला हा पक्षी २०२० पासून जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. चंबळच्या वाळूच्या बेटांवर तो अंडी घालतो. नदीचं पाणी उतरलं की बेटाला पायवाट होते आणि कुत्री-गुरं थेट घरट्यांत येतात. बीएनएचएसने काठच्या गावातल्या माणसांनाच हंगामापुरतं घरट्यांचे राखणदार म्हणून नेमलं. कुंपण नाही, पिंजरा नाही. सावली करून बसलेला, येणाऱ्याला हटकणारा माणूस. जगभर फिरून उत्तर तिथेच येतं, कारण वाळू कुलुपात घालता येत नाही.

कोडियक्करैला कायद्याचं कुंपण आहे, पण कुंपणाच्या आत सगळं आलबेल नाही. मोकाट घोड्यांचे कळप इथे पिढ्यान्पिढ्या आहेत. गवतासाठी त्यांची काळविटाशी स्पर्धा, आणि वाळूवरून दौडताना त्यांना खळगा दिसत नाही. वेडी बाभूळ उघड्या जागा गिळत चालली आहे. उघडेपणावर जगणाऱ्या पक्ष्याला हे हिरवं आक्रमण मारक ठरतं, पण झाडं तोडा म्हटलं की शहरी निसर्गप्रेमी बिचकतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळच किनाऱ्यावर आदळलं आणि जंगल झोपवून गेलं. वादळ वाळूची रचना बदलतं. जुनी पुळण खचते, नवी तयार होते. चिखल्याला त्याचं फारसं वावडं नाही. नवी, निर्मनुष्य, झाडोरा नसलेली वाळू त्याला आवडतेच.

खरा आधार त्याला मिळालाय तो पंचांगाचा, आणि तो कुणी त्याच्यासाठी आखलेला नाही. १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, ती माशांच्या विणीसाठी. मे महिना कत्तिरीचा, तेव्हा पर्यटक फिरकत नाही. जूनच्या मध्याला नदीत पाणी येतं आणि डेल्टातला माणूस भाताच्या चिखलात अडकतो. या तीन गोष्टींच्या फटीत उप्पुकोत्तीचा संसार बसतो. हौशी माणसांना उन्हाळ्यातही इथे यायची गोडी लागली, तर ही फट बुजायला वेळ लागणार नाही. हा लेख लिहिताना माझाही हात त्यामुळे थोडा अडखळला.

आपल्या कोकणात पंचांग नेमकं उलटं आहे. समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत वेंगुर्ल्याच्या बंदरापलीकडच्या खडकांवर आहे. १९४० च्या आसपास पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी तिथल्या सुरय पक्ष्यांवर लिहून ठेवलं, आणि खडक समुद्रात असल्यामुळेच ती वसाहत अजून टिकून आहे. मुख्य किनाऱ्यावर मात्र एप्रिल-मे म्हणजे सुट्ट्यांचा हंगाम. शाळा संपल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या निघतात, आणि नुसत्या किनाऱ्यापर्यंत येऊन थांबत नाहीत, पुळणीवर उतरतात. ओल्या वाळूत गोल गोल फिरवल्या जातात, रुततात, भरतीत सापडतात, त्यांचे व्हिडिओ आपण हसत बघतो. त्याच वेळी सुरूच्या बनाच्या कडेला टिटवी अंड्यांवर उभी असते. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत पक्ष्यांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलेल्या आहेत. पण जागा कागदावर यायला आधी ती कुणी तरी नोंदवावी लागते. आपल्या गावच्या पुळणीवर एप्रिल-मेमध्ये कोण कुठे बसतं, याची यादी करायला संस्था, निधी, महोत्सव काही लागत नाही. दुर्बीण लागते, ओल्या वाळूवरून चालण्याची शिस्त लागते, आणि नऊच्या आत घरी परतण्याची तयारी.